उंबरठा आधी ठरवा, मोजणी मग



१९ ऑक्टोबर २०१८ रोजी शिर्डीच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी सांगितले, की जलयुक्त शिवार अभियानामुळे महाराष्ट्रातील १६ हजार गावे दुष्काळमुक्त झाली. बरोबर बारा दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दोन्ही घोषणा सरकारच्याच. दोन्हींच्या मागे कागद होते, तक्ते होते, सह्या होत्या. मग खोटे कोण बोलले?

माझे उत्तर ऐकून काही कार्यकर्त्यांना राग येईल. मला वाटते, दोन्हीकडे सरळ खोटे बोलण्याची गरजच पडली नाही. 'दुष्काळमुक्त' म्हणजे काय, ते कशाने मोजायचे, कोणत्या वर्षाशी आणि कोणत्या गावाशी ताडून पाहायचे, हे आधी ठरलेच नव्हते. नंतर ज्याला जे हवे ते मोजता आले. बंधारे मोजले, खोलीकरणाचे मीटर मोजले, गाळाचे घनमीटर मोजले आणि बेरीज केली. विहिरीत पाडव्याला किती पाणी होते, हा रकाना त्या बेरजेत नव्हता.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चलेल्या या अभियानाची त्यांनी सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांत तपासणी केली. गावे जलपरिपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष काढला. पिण्याला आणि पिकाला लागेल इतका साठा नसतानाही जलपरिपूर्ण म्हणून नोंदवलेली गावे त्यांना सापडली. सत्ताबदल झालेला होता, नव्या सरकारने चौकशी लावली. पुन्हा सत्ताबदल झाला आणि त्याच अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. या सगळ्या चक्रात तुमच्या माझ्या शिवारात पाणी थांबले की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण सगळे 'पोकरा' म्हणतो, त्याचा पहिला टप्पा २०१८ पासून २०२४ पर्यंत चालला. पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावे, जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज. आपला हिंगोली जिल्हा त्यात होता. आता २१ जिल्ह्यांचा दुसरा टप्पा आला आहे. शेततळी, ठिबक, तुषार, फळबाग, गटांना अवजारे अशी कामे होतील. कर्ज सरकार काढणार, फेडणार आपण. त्याचा हिशेब आपण स्वतः ठेवायचा, असा आग्रह गेल्या काही बैठकांतून सातत्याने होतो आहे. आग्रह रास्त आहे. पण प्रत्येक बैठकीत गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "फॉर्म छापा, पोरं गावागावात पाठवा, माहिती गोळा करा, मग बघू."

या 'मग बघू'ला माझा विरोध आहे. हा अग्रलेख त्यासाठीच लिहिला आहे.

'मग बघू'ची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका पाणलोटाच्या कामाची आम्ही अशीच तपासणी केली. तीनशेच्या आसपास शेतकऱ्यांचे फॉर्म भरले, पोरांनी उन्हातान्हात पायपीट केली. हिशेबाला बसलो तेव्हा कळले, की निम्म्या फॉर्मवर कापूस 'क्विंटल' म्हणून लिहिला आहे आणि निम्म्यांवर 'पोती'. पोते भरणाऱ्यागणिक वेगळे. जमीन कुठे एकरात, कुठे हेक्टर-आरमध्ये, कुठे नुसता आकडा. 'आधीचे उत्पन्न' या रकान्यात कोणी गेल्या वर्षीचे सांगितले, कोणी काम होण्याआधीच्या दुष्काळी वर्षाचे, कोणी वडिलांच्या काळचे. सगळ्यांत मोठी चूक ही, की काम न झालेल्या एकाही गावात आम्ही गेलो नव्हतो. तो गठ्ठा घेऊन अधिकाऱ्यांसमोर गेलो. समोरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला: "पाऊसही त्या वर्षी दुप्पट होता, मग काम वाईट हे तुम्ही कशावरून म्हणता आणि चांगलं हे आम्ही कशावरून म्हणावं?" मला उत्तर देता आले नाही. कृषी पदवीला प्रयोगाची मांडणी हा विषय मी शिकलेलो होतो, तरीही. ते फॉर्म आजही माझ्याकडे आहेत. त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

संशोधन केंद्राच्या शेतावर कोणी असे करत नाही. वाणाची चाचणी घ्यायची तर पेरणीआधी आराखडा कागदावर येतो. वाफे किती, प्रत्येक वाण किती ठिकाणी पेरायचे, नेहमीचा वाण तुलनेला कुठे घ्यायचा, काय तोलायचे आणि आकडेमोड कशी करायची, हे सारे बियाणे जमिनीत पडण्याआधी लिहिलेले असते. पेरल्यावर आराखडा काढू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक शेतावर उभे करत नाहीत. मग हजारो कोटींच्या योजनेला वेगळा न्याय का?

ही शिस्त बाहेरून आलेली नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांच्याबरोबर डॉ. पानसे, या दोन मराठी माणसांचे १९५४ चे सांख्यिकीचे पुस्तक देशभरच्या कृषी विद्यार्थ्यांनी वापरले. पीक कापणी प्रयोगाची पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेले दिसते, कारण कडेवरची ताटे आत की बाहेर या शंकेत मोजणारा ती आत धरतो. तुकडा लहान तशी कड जास्त, आणि कड जास्त तशी लबाडी जास्त. इथे लबाडी कोणी मुद्दाम करत नाही, ती पद्धतीतच बसलेली असते. म्हणून तुकडा केवढा घ्यायचा हे शेतात उतरण्याआधी ठरवावे लागते.

पीकविम्याचे उंबरठा उत्पन्न तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला ७० टक्के जोखीमस्तराने गुणायचे. मंडळाचे या वर्षीचे उत्पन्न त्याखाली गेले तर भरपाई. त्या ७० टक्क्यांवर आपण भांडलो, पुढेही भांडू. पण नियम हंगामाआधी लिहिलेला आहे, म्हणून भांडता तरी येते. कापणीनंतर कंपनीने उंबरठा ठरवायचा असता तर एका पैशाची भरपाई कोणाला मिळाली असती? योजनेच्या मूल्यमापनात नेमके तेच चालते. काम आधी, निकाल नंतर आणि उंबरठा त्याच्याही नंतर.

पहिला प्रश्न तुलनेचा. सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी तुलना म्हणजे 'आधी' आणि 'नंतर'. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे कोरडी गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर २०१६ चा पावसाळा चांगला झाला. ज्या योजनेचे 'आधी' २०१५ आणि 'नंतर' २०१६ असेल, ती कागदावर यशस्वी होणारच. एक घमेले माती उकरली नसती तरी झाली असती. उलट ज्या योजनेचे 'नंतर' २०१८ मध्ये आले, ती चांगली असूनही नापास झाली असती. आपणही या चुकीपासून मुक्त नाही. सरकारला झोडायचे असले की आपले कार्यकर्ते बरोबर २०१८ चे आकडे काढतात.

यावर उपाय म्हणजे शेजारचे गाव. समजा, प्रकल्पातल्या गावात कोरडवाहू कापूस आधी एकरी ४ क्विंटल होता, नंतर ६ झाला. २ क्विंटलची वाढ, फटाके वाजवा. पण त्याच मंडळात, तशाच जमिनीच्या, प्रकल्पाबाहेरच्या गावात तो ४ वरून साडेपाच झाला असेल, तर दीड क्विंटल पावसाचे, बियाण्याचे आणि शेतकऱ्याच्या घामाचे. प्रकल्पाच्या खात्यावर फक्त अर्धा. 'नंतर'मधून 'आधी' वजा करायचे, दोन्ही गावांत करायचे, आणि मग त्या दोन उत्तरांची वजाबाकी. मोठ्या संस्था हेच करतात. पोकराच्या मूल्यमापनातही प्रकल्पाबाहेरची गावे तुलनेला घेतली होती, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

मात्र शेजारचे गाव निवडताना हात स्वच्छ पाहिजेत. येलदरी, सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या कालव्याखालचे गाव कोरडवाहू गावाशी जोडायचे नाही. काळ्या भारी जमिनीचे गाव मुरमाड गावाशी जोडायचे नाही. वसमतकडचे हळदीचे गाव आणि सेनगावकडचे कापूस-सोयाबीनचे गाव एका ओळीत मांडायचे नाही. आणि जोड्या ठरवायच्या त्या उत्पन्नाचा एकही आकडा हातात येण्याआधी. आकडे पाहून जोडी लावणारा माणूस वधूवरांच्या मध्यस्थासारखा असतो, त्याला हवे तेच गुण जुळतात.

याच संदर्भात 'लाभार्थी' या शब्दापासून सावध राहा. पोकरात शेतकऱ्याने आधी पदरचे पैसे घालून काम करायचे आणि मग अनुदान खात्यात यायचे. ज्याच्याकडे पदरचे होते त्याचे शेततळे झाले. आता लाभार्थ्याचे उत्पन्न बिगरलाभार्थ्यापेक्षा जास्त निघाले, तर ते शेततळ्यामुळे की आधीच सुस्थितीत असल्यामुळे? बीटी कापसाचेही असेच झाले. २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ते महाग बियाणे आधी ज्याच्या हातात पैसा आणि विहिरीत पाणी होते त्याने घेतले. उत्पादन वाढले हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्यातले किती बीटीचे, किती खताचे आणि किती पाण्याचे यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा वाद बारकाईने समजून घेतला पाहिजे. म्हणून आपली तुलना लाभार्थी विरुद्ध बिगरलाभार्थी अशी नसेल. पूर्ण गाव विरुद्ध पूर्ण गाव अशी असेल. त्यात शेततळे मिळालेला येईल, न मिळालेला येईल आणि शेजाऱ्याच्या शेततळ्यात सगळे पाणी गेले म्हणून ज्याचे बोअर आटले तोही येईल.

आता किती जणांना विचारायचे. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण भात ढवळलेला असेल तर. गाव हा न ढवळलेला भात आहे. एकाच गावातल्या शंभर जणांवर पाऊस एकच पडतो, बोंडअळी एकच येते, बाजारही तोच. ते शंभर जण पुष्कळ बाबतीत एकच साक्ष शंभर वेळा देतात. त्यापेक्षा दहा गावांतले दहा-दहा जण कितीतरी जास्त सांगतात. माझा प्रस्ताव असा: प्रकल्पातली दहा गावे, बाहेरची दहा, प्रत्येकी वीस शेतकरी कुटुंबे, एकूण चारशे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत या पाचही तालुक्यांतून. गावातली नावे सरपंचाने सुचवायची नाहीत आणि आपल्या शाखाप्रमुखानेही नाहीत. खातेदारांच्या यादीवरून लहान, मध्यम, मोठे असे गट पाडून चिठ्ठ्या काढायच्या, पारावर, सगळ्यांदेखत. भूमिहीन मजुरांची यादी वेगळी करायची, कारण वेचणीची मजुरी वाढली की कमी झाली हे तेच सांगतील.

चारशे घरांनी काय दिसणार नाही, हेही आजच कबूल करू. दहा गावांसमोर दहा गावे ठेवून मोठा फरक दिसेल, बारीक दिसणार नाही. कोरडवाहू कापूस एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाताना दोन क्विंटलने बदलतो. वर उदाहरणात घेतलेला एकरी अर्ध्या क्विंटलचा फरक आपल्या चाळणीतून गळून जाईल. तेव्हा फरक दिसला नाही तर 'योजना फुकट गेली' असे छापायचे नाही. 'आमच्या मोजणीत दिसेल एवढा फरक नाही' असे छापायचे. हे वाक्य सभेत टाळ्या मिळवत नाही, मला माहीत आहे.

काय मोजायचे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण शहरातला मोजणारा इथे हमखास चुकतो. ज्वारीचे उत्पन्न म्हणजे दाणे, असे फॉर्म सांगतो. आपल्याकडे ज्वारी अर्धी कडब्यासाठी पेरतात. ज्या वर्षी चारा नाही त्या वर्षी कडबा दाण्याला भारी पडतो. संकरित ज्वारीने दाणे वाढवले आणि कडबा घटवला, त्याचा हिशेब कोणी केला नाही. ज्वारी शिवारातून हद्दपार होऊन सोयाबीन आले, त्यामागच्या अनेक कारणांत हे एक. म्हणून आपल्या तक्त्यात कडब्याच्या पेंढ्यांना रकाना असेल आणि पेंढीचा त्या महिन्यातला भावही असेल.

कापसाचे पैसे आणि कापसाचे वजन वेगळे ठेवायचे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, पुढे सात हजारांच्या आसपास उतरला. ज्या मूल्यमापनाचे शेवटचे वर्ष २०२१-२२ आले, त्यात शेतकऱ्याचे उत्पन्न वाढलेले दिसणारच. ती वाढ जागतिक बाजाराची, शेततळ्याची नाही. म्हणून मुख्य निकाल किलोत काढायचा. रुपयांचा निकाल दुसऱ्या तक्त्यात, दोन्ही वर्षांना एकच भाव लावून. खर्चही तसाच. शरद जोशींनी आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत स्वतः शेती करून खर्चाची वही लिहिली, आणि १९८० च्या कांदा आंदोलनामागे त्या वहीचे बळ होते. आपल्या चळवळीचा जन्म हिशेबातून झालेला आहे. घोषणा नंतर आल्या.

पण किलो हे साखळीचे शेवटचे टोक झाले. साखळी अशी: काम झाले, पाणी अडले, ते विहिरीत उतरले, बोंडे भरताना कापसाला एक पाणी मिळाले, म्हणून वेचे वाढले. नुसते शेवटचे टोक मोजले आणि फरक दिसला नाही, तर साखळी कुठे तुटली हे कळत नाही. बंधारा फुटका होता, की पाणी अडले पण वीज नव्हती, की सगळे झाले आणि गुलाबी बोंडअळीने खाल्ले? म्हणून विहिरीचे पाणी मोजायचे. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, पण प्रत्येक गावात नाहीत. आपण गावागणिक चार विहिरी निवडू आणि दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या चार सणांच्या आसपास दोरी सोडून मोजू. माप फुटांत. परस चालणार नाही, प्रत्येक गावचा पुरुष वेगळ्या उंचीचा असतो. पिण्याचे पाणी कोणत्या महिन्यात दूर जाते, हे घरच्या बाईला विचारायचे. पुरुषाला विचारले तर तो टँकरची तारीख सांगतो. बाई त्याच्या आधीचा महिना सांगते. पाऊस आठवणीतला घ्यायचा नाही. मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद घ्यायची आणि एकूण मिलिमीटरबरोबर ऑगस्ट-सप्टेंबरमधले खंडाचे दिवसही मोजायचे.

आता रिकामा तक्ता. अहवालात शेवटी जे तक्ते छापायचे आहेत, ते आजच आखायचे, आकड्यांविना. ओळीत काय, रकान्यात काय, खाली बेरीज की सरासरी. मग फॉर्म घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाला विचारायचे: तुझे उत्तर कोणत्या तक्त्याच्या कोणत्या घरात बसणार? ज्या प्रश्नाला घर नाही तो खोडायचा. ज्या घराला प्रश्न नाही तिथे प्रश्न घालायचा. आमच्या जुन्या फॉर्मला मी ही कसोटी लावून पाहिली, निम्म्याहून जास्त प्रश्न बेघर निघाले. घरी टीव्ही आहे का, हे आम्ही तीनशे जणांना विचारले होते. का, ते आता मलाही आठवत नाही.

सरासरीबद्दल थोडे. वीस शेतकऱ्यांत एक बागायतदार आला तर तो एकटा सगळ्यांना श्रीमंत करतो. म्हणून सरासरीबरोबर मधला शेतकरी पाहायचा. सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभे करा आणि मधोमध उभा असलेल्याचा आकडा घ्या. योजनेने तो मधला माणूस हलला का, हे पाहायचे. कोरडवाहू कापसाला एकरी २५ क्विंटल असा आकडा आला तर फॉर्म फाडायचा नाही आणि आकडा मनाने दुरुस्तही करायचा नाही. परत जाऊन विचारायचे आणि जुना आकडाही ठेवायचा. ज्याने ज्या गावचे फॉर्म भरले त्याने त्या गावचा हिशेब करायचा नाही. प्रत्येक फॉर्म दोघांनी वेगवेगळा वहीत उतरवायचा, वह्या जुळल्या नाहीत तर फॉर्म काढून बघायचा.

कुलूप लावलेली घरे हा आपल्या जिल्ह्याचा जुना दुखरा भाग आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, पुण्याला गेलेले. चिठ्ठीत नाव आले आणि दाराला कुलूप दिसले, की पोरे शेजारच्या घरात शिरतात. शेजारी गावात आहे, कारण त्याचे बरे चालले आहे. अशी दहा कुलपे बदलली की गाव कागदावर सुधारते. म्हणून बदली माणूस नाही. दोनदा जायचे, दुसऱ्यांदा तोडीवरून लोक परतल्यावर. तरीही कुलूप असेल तर 'कुलूप' असे लिहायचे आणि दोन्ही प्रकारच्या गावांतली कुलपे मोजून अहवालात छापायची. तो आकडाही काही सांगतो.

आणि शेवटी, हवे तेवढेच दाखवण्याचा मोह. पाच तालुके, चार पिके, तीन जमीनगट: साठ तुलना होतात. शंभरात पाच वेळा योगायोगाने चकवेल अशी नेहमीची कसोटी लावली, तर योजनेचा काडीचा परिणाम नसतानाही साठांतल्या तीनेक ठिकाणी 'मोठा फरक' दिसेल. अधिकारी त्या तीनांतली चांगली जागा उचलेल, आपण वाईट उचलू, आणि दोघेही खऱ्या आकड्यांनी खोटे बोलू. शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. २०२२ आले तेव्हा देशभरच्या शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची नवी पाहणी पुढे आली नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ७५ हजार शेतकऱ्यांच्या यशोगाथा छापल्या. त्या खऱ्याच असतील. कोट्यवधी शेतकऱ्यांतून ७५ हजार यशस्वी कोणत्याही वर्षी काढता येतात, दुष्काळातही. आपण आत्महत्यांच्या घरांची यादी घेऊन उलटे तेच केले, तर दुःख खरे असेल पण योजनेबद्दलचा पुरावा होणार नाही. म्हणून मुख्य तुलना दोनच: कोरडवाहू कापसाचे एकरी किलो आणि पाडव्याला विहिरीतले फूट. बाकी सगळे 'पुढे तपासण्यासारखे' या मथळ्याखाली.

निकाल प्रकल्पाच्या बाजूने आला तर? हा प्रश्न एका तालुका बैठकीत दबक्या आवाजात विचारला गेला. तर याच पानावर, याच टाइपात छापायचा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगावे. आणखी एक गोष्ट कुजबुजीत राहू नये: मागच्या कामांत आपल्यातल्याही काहींचे जेसीबी फिरले, काहींच्या शेतात तळी झाली. त्यात गैर काही नाही. पण त्यांनी आपापल्या गावच्या मोजणीत आणि हिशेबात बसायचे नाही.

दुसऱ्या टप्प्यातली कामे गावात सुरू झाली की 'आधी' निसटले. मग ते आठवणीतून काढावे लागते, आणि आठवणीतला कापूस नेहमी जास्त पिकलेला असतो. म्हणून घाई आहे, पण घाई फॉर्म छापण्याची नाही.

जिल्हा बैठकीत फॉर्म मिळणार नाहीत. प्रत्येक तालुक्याला चार रिकामे तक्ते आणि गावांच्या जोड्यांचा एक कोरा कागद मिळेल. त्यावर चर्चा करून, खाडाखोड करून, सर्व तालुकाप्रमुखांच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत कृषी कार्यालयात पोच घेऊन द्यायची, म्हणजे नंतर आपल्यालाही शब्द फिरवता येणार नाही. येताना तालुक्यातल्या प्रकल्पाच्या गावांची यादी, त्यांच्या शेजारच्या गावांची नावे, कोणत्या गावाला कालव्याचे पाणी आहे त्याची खूण आणि एक पेन्सिल आणावी. पेन नको, जोड्या दोन-तीनदा तरी बदलाव्या लागतील.